खडपांतून हेदवीला जायचं तर आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचे पाच जण, सगळे सह्याद्रीत मुरलेले. सांदण दरी झाली आहे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झाला आहे. आता डिसेंबरात गुहागर तालुक्यात वेळणेश्वरहून हेदवीला गाडीरस्ता न धरता जायचं आहे. आधी सड्यावरून, म्हणजे वरच्या सपाट कातळावरून चालायचं, मग एखाद्या घळीतून खाली समुद्रावर उतरायचं आणि उरलेलं अंतर खडपांतून, म्हणजे समुद्राच्या कडेच्या खडकांतून कापून हेदवीच्या किनाऱ्यावरच्या बामणघळीपाशी बाहेर पडायचं, असा बेत. मॅपवर अंतर फारच थोडं दिसतं. दोर लागेल का, बूट कोणते घालायचे, वेळ किती धरायचा, आणि बरोबर बारा वर्षांचा भाचा आहे, तो चालेल का, असं विचारलं आहे.

मी याच किनाऱ्याचा. पंचवीसेक वर्षं इथल्या खडपांतून हिंडतो आहे, गेली काही वर्षं लोकांना घेऊनही जातो. दोराचं नंतर सांगतो. आधी पंचांग काढा.

चेष्टा नाही. सह्याद्रीत तुम्हाला उशीर झाला तर वाट जागेवरच असते. विजेरी काढता, शिव्या देत उतरता, गावात पोचता. समुद्राच्या कडेची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. मॅपवर जे अंतर मोजलंत ते सुकतीच्या वेळचं आहे, भरतीच्या वेळी त्यातली निम्मी वाट अस्तित्वातच नसते. (ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. पाणी सुकलं, पाणी भरलं असंच बोलायची पद्धत आहे.) म्हणून इथे किती किलोमीटर हा प्रश्नच गैरलागू आहे. कोणत्या तिथीला आणि किती वाजता, हा खरा प्रश्न.

इथल्या कुठल्याही घरात म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर तो बोटांवर हिशोब करून सांगेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि रात्रीही तीनच्या पुढेमागे. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, फरक पडत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात, तेव्हा भरतीच्या वेळेतून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं वजा केली की पूर्ण सुकती मिळते. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे बेत ठरवण्यापुरता तो वापरा. निघण्याच्या दिवशी मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा चांगल्या ॲपवरून वेळ ताडून घ्या. ॲपमध्ये मुंबई निवडू नका. दक्षिणेकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो आणि वेळही थोडी सरकते. तुमच्यासाठी रत्नागिरी किंवा जयगड बघा. वेळेबरोबर उंचीचा रकानाही वाचा, कारण एकाच दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. एक चांगली लांब आत जाते, दुसरी जेमतेम.

आता यातली मेख. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जोरात आणि सुकतीही खोल. वाट सगळ्यांत जास्त तेव्हाच उघडी पडते. नवखे लोक एवढंच वाचून पौर्णिमेची तारीख धरतात. पण उधाणाच्या दिवसांत सुकती येते पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. एकदा अंधारातून उजेडाकडे, एकदा उजेडातून अंधाराकडे. मधल्या वेळात, म्हणजे ज्या वेळी तुम्ही डबे खाऊन चालायला लागता त्या वेळी, भरती माथ्यावर. उलट अष्टमी-नवमीला सुकती बरोबर दुपारी बाराच्या सुमाराला येते, पण तो भांगाचा काळ. पाणी ना धड भरत ना धड सुकत. कड्याची जी टोकं समुद्रात घुसलेली असतात त्यांच्याखालचा खडक उघडाच पडत नाही.

म्हणून मी चतुर्थी ते षष्ठी हेच दिवस धरतो. उधाण ओसरलेलं असतं, भांग अजून लागलेला नसतो, आणि सुकती सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते. तुम्हाला मी षष्ठी सुचवेन. सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे सुकती सव्वादहाच्या आसपास. खडपात पाय ठेवायचा तो सुकतीच्या दोन तास आधी, आणि बाहेर पडायचं ते सुकतीनंतर एक तासाच्या आत. सव्वाआठ ते सव्वाअकरा एवढेच तीन तास तुमचे. एक तासाची मर्यादा का, तर पाणी फिरल्यावर पहिला तास ते सुस्त असतं, चढल्यासारखं वाटतच नाही. दुसऱ्या तासात वेग घेतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात पूर्ण भरतीचं निम्मं पाणी एकदम भरतं. लोक फसतात ते पहिल्या तासाच्या सुस्तीमुळे. "अजून काही आलेलं नाही" असं म्हणत बसून राहतात.

सकाळच्या सुकतीचा आणखी एक फायदा आहे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी निवांत. दुपारी एकदा खारा वारा सुटला की त्याच उंचीचं पाणी खडकावर वेगळंच वागतं. आणि वारा अजिबात नसतानाही कधी कधी लांब कुठे तरी अरबी समुद्रात झालेल्या गडबडीच्या लाटा इथे येऊन पोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे रोज देते. आदल्या रात्री ते बघा. इशारा असेल तर तिथी कितीही चांगली असो, खाली उतरू नका, सड्यावरूनच हेदवीला जा.

आता घळ. सांदण केलीत म्हणून मुद्दाम सांगतो, या घळी त्या जातीच्या नाहीत. सांदण म्हणजे बेसॉल्टमधली उभी चीर, दोन्ही भिंती टणक. आमच्याकडे तळाला तोच काळा बेसॉल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, पण वर जांभ्याचा थर आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी चिकट, पांढरट-पिवळसर माती. सड्यावर चालताना पायाखाली कातळ आहे असं वाटतं, आणि ते खरंही आहे. पण काठाशी पोचलात की खालची माती पावसाने आणि लाटांनी खाऊन गेलेली असते, वरचा जांभा नुसता छज्जासारखा पुढे आलेला असतो. वरून ते दिसत नाही. समुद्राचा फोटो काढायला लोक नेमके त्याच छज्जावर जाऊन उभे राहतात. काठापासून दोन-तीन माणसांच्या लांबीएवढं आत राहा. काठाला समांतर भेग दिसली, मग ती बोटाएवढी का असेना, तर त्या भेगेच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही.

घळ म्हणजे सड्यावरच्या पऱ्याने, पावसाळी ओढ्याने, कापलेली खाच. पावसाळ्यात सडा पाणी पीत नाही, पडेल ते सगळं वाहून खाचेत येतं. वरच्या अंगाला ही खाच उथळ असते, करवंदीच्या जाळ्या, गुरांची वाट. मधे एकदम अरुंद होते, जांभ्याचे घराएवढे धोंडे पडलेले, त्यांच्यामध्ये कोंडी. आणि शेवटी, जिथे समुद्र दिसायला लागतो आणि जीव आनंदतो, तिथे बहुतेक घळी तुम्हाला हवेत सोडतात. कारण साधं आहे. पऱ्या वर्षातले चार महिने काम करतो, समुद्र बारा महिने. समुद्र कडा मागे खात जातो आणि छोट्या पऱ्याला त्याच्या वेगाने खोल जाता येत नाही. मग पऱ्याचं तोंड कड्यात वरच राहतं आणि शेवटचे दहा-पंधरा फूट धबधब्याची जागा असते. डिसेंबरात पाणी नसतं, पण उतार तोच, आणि वर वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा.

म्हणजे दोर लागेल. पंधरा-वीस मीटरचा एक पुरे, आणि तो उतरण्यापेक्षा परत चढण्यासाठी जास्त. हे तुमच्या लक्षात आलं पाहिजे म्हणून पुन्हा सांगतो. या वाटेवर घळ ही उतरायची जागा तर आहेच, पण तीच तुमची वर पळायची जागाही आहे. दोन टोकांच्या मध्ये कडा उभा असतो आणि वर जायचा रस्ता फक्त घळीतून. म्हणून ज्या घळीतून उतरलात ती परत चढता येईल याची खात्री उतरण्याआधीच करा. शेवटच्या टप्प्यावर उडी मारून खाली जाणं सोपं असतं, तिथूनच लोक अडकायला सुरुवात करतात. दोर जांभ्याच्या धोंड्याला बांधू नका. जांभा दिसायला भक्कम, पण जाळीदार असतो, काठाशी तुकडा निघून येतो. शिवाय दोर त्यावर घासून कापला जातो. करंज किंवा उंडीचं जिवंत झाड बघा, बुंध्याशी, मुळांजवळ बांधा, आणि जिथे दोर दगडावरून वळतो तिथे गोणपाट किंवा जुनी पँट टाका.

आदल्या दिवशी एकदा सड्यावरून सगळा भाग चालून या. वेळणेश्वरला मुक्काम असेलच. दुपारी चार-पाच तास काढा आणि वरून बघा की घळी किती आहेत, कोणत्या घळीत गुरांची किंवा माणसांची पायवाट उतरलेली दिसते, आणि कोणती टोकं पाण्यात घुसलेली आहेत. आमच्याकडे बायका कालवं काढायला खडपात उतरतात, गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाणारे लोक उतरतात. त्यांच्या वाटा असतात, आणि त्याच खऱ्या. नेमकी कोणती घळ धरायची ते मी लिहीत नाही. दर पावसाळ्यात काही ना काही ढासळतं, गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही, आणि माझं लिहिलेलं वाचून कुणी तीन वर्षांनी तिथे उतरायला नको. वाडीत विचारा. एखाद्याला बरोबर घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे मोकळ्या हाताने द्या. वाटेत कलमांच्या बागा लागतील, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून उडी मारून जाऊ नका, फिरून जा किंवा हाक मारून विचारा. आपण पाहुणे आहोत हे सड्यावर फार पटकन विसरायला होतं, कारण तिथे कुंपणं कमी दिसतात.

खाली उतरल्यावर लगेच चालू लागायचं नाही. पाठ कड्याला लावून पंधरा-वीस मिनिटं नुसतं समुद्राकडे बघत बसा. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान येतात, मग तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ. त्या मोठ्या कुठपर्यंत येतात ते बघितल्याशिवाय कुठून चालायचं ते ठरवता येत नाही. मागून येणारा शेवटचा माणूस सतत समुद्राकडे तोंड करून असावा. आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत, हे तुमच्यातल्या एकाला तरी तीनदा सांगावं लागेल.

मग खडक वाचायला शिका. याला पाच मिनिटं लागतात आणि सगळी वाट त्यावर अवलंबून आहे. कड्याच्या पायथ्याशी बसा आणि नजर वरून खाली आणा. सगळ्यांत वर कोरडा, खरखरीत दगड, त्यावर धूळ, कदाचित गवताची एखादी काडी. तिथपर्यंत नेहमीचं पाणी पोचत नाही. त्याखाली काळपट पट्टा, जणू कोणी काजळ फासलं आहे. हात लावून बघा, कोरडा असला तर गुळगुळीत लागेल आणि ओला असला तर बुळबुळीत. हा पट्टा शिंतोड्यांचा, आणि ओला असेल तेव्हा सगळ्यांत फसवा, कारण शेवाळ हिरवं नसतं, दगडाच्याच रंगाचं असतं. त्याच्या खाली पांढऱ्या, टोकदार कवचांची दाटी सुरू होते, लहान लहान ज्वालामुखी असावेत तशी. त्यांच्यामध्ये कालवं. ही कवचं जिथे आहेत तिथे रोजची भरती नक्की येते, त्याबद्दल वाद नाही. डोक्याच्या वर तुम्हाला ही कवचं दिसायला लागली तर समजा की तुम्ही उभे आहात ती जागा भरतीला माणूसभर पाण्याखाली असते. चालायला मात्र हाच पट्टा सगळ्यांत चांगला, पाय अजिबात सरकत नाही. पडलात तर तळहात किसणीवर किसल्यासारखा निघतो, म्हणून जाड सुती हातमोजे आणा, बागकामाचे चालतील. त्याखाली हिरवं मऊ शेवाळ. तिथे पाय टाकायचाच नाही. टाकावाच लागला तर बसून, हात टेकून.

बुटांचं एवढंच. उंच घोट्याचे, जाड, पाणी न शिरणारे म्हणून विकले जाणारे महागडे बूट घरी ठेवा. त्यांच्यात एकदा पाणी शिरलं की बाहेर पडत नाही आणि पाय दगडासारखे जड होतात. मऊ रबरी तळव्याचे, खोल खाचांचे, पाणी निथळून जाणारे बूट हवेत. हंटरचे कापडी बूट घालून मी जिल्ह्याची अर्धी किनारपट्टी चाललो आहे. सॅंडल नको, कवचं बोटं कापतात. आणि खडपातले स्थानिक लोक रबरी चपला घालून चालतात हे बघून तसं करायला जाऊ नका, त्यांचे पाय वेगळे आहेत.

एकदा मीही फसलो आहे, तो प्रसंग सांगतो. आम्ही तिघे होतो, तिथी कोणती ती मला आजही आठवते, तृतीया. सुकती आठच्या सुमाराला होती, आम्ही खडपात उतरलो साडेआठला, म्हणजे पाणी आधीच फिरलेलं. हे आम्हाला माहीत होतं. "दोन टोकं तर आहेत, तासात होईल" असा हिशोब. पहिलं टोक पार करून गेलो तेव्हा कालवं काढणाऱ्या तीन बायका टोपल्या डोक्यावर घेऊन उलट्या दिशेने निघाल्या होत्या. त्यातली एक आमच्याकडे बघून म्हणाली, "पाणी फिरलंय. तुम्हीपण फिरा." आम्ही हसून पुढे गेलो. शिकलेली माणसं होतो.

दुसऱ्या टोकाखाली गुडघाभर पाणी होतं. थांबून लाटा मोजल्या, जाववेना. मागे वळलो तर पहिल्या टोकाखाली मांडीभर. मधे फक्त एक घळ, तीही तोंडाशी अडीच-तीन हात रुंद. तिच्यात शिरलो, वर चढायला लागलो, आणि दोन पुरुष उंचीवर अडकलेला एक धोंडा आडवा आला. बाजूची भिंत ओल्या काजळासारखी. दोर नव्हता. धोंड्याच्या खाली पारव्यांची एक कपार होती, विष्ठेने भरलेली. तिथे तिघे जण पाय पोटाशी घेऊन बसलो. खाली पाणी आत यायला लागलं. अरुंद घळीत पाणी येण्याआधी हवा येते, हे मी त्या दिवशी शिकलो. आधी गार, खारट झोत तोंडावर, मग क्षणभर सगळं गप्प, मग खालून ढोल वाजल्यासारखा आवाज आणि फेस. प्रत्येक वेळी झोत थोडा जोरात. सगळ्यांत वरचा फेस आमच्या बुटांना लागला आणि तिथे थांबला. कपारीच्या खालच्या कडेवर कवचं नव्हती, हे आम्ही चढताना बघितलं होतं, तेवढ्या एका गोष्टीवर मन धरून होतो. सकाळी दहाला बसलेले आम्ही पाणी पुरेसं सुकल्यावर पार संध्याकाळीच उतरलो. एका मित्राच्या पायाला इतके गोळे आले होते की त्याला बसवत बसवत आणावं लागलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे शोधायलाही कोणी निघालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. कुठलंही टोक पार करण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने सांगायचं की परत फिरायची वाट कोणती आणि वर जायची वाट कोणती. दोन्हींची उत्तरं देता आली नाहीत तर टोक पार करायचं नाही. घड्याळ एकाच माणसाकडे. सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा, हेदवी समोर दिसत असली तरी.

आता बामणघळ. तिथे जायचं म्हणून तुम्ही हा सगळा खटाटोप करताय, आणि गंमत अशी की ती बघायची वेळ चालण्याच्या वेळेच्या बरोबर उलटी आहे. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या जवळच काळ्या खडकात ही अरुंद, लांबट चीर आहे. दगडातल्या कच्च्या भेगेला लाटांनी हजारो वर्षं ठोकून ठोकून ती रुंद केली. भरतीचं पाणी आत घुसतं, पुढे जायला जागा नसते, मग ते वर उसळतं, माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच. सुकतीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि तुम्ही म्हणाल एवढंच होय. म्हणून षष्ठी धरा म्हणालो. सकाळी खडपातून या, गावात जा, दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं घरगुती जेवण जेवा, जरा लवंडा, आणि साडेतीन-चारला परत किनाऱ्यावर या. साडेचारला पाणी माथ्यावर असेल. पावसाळ्यातलं रौद्र रूप डिसेंबरात दिसणार नाही, षष्ठीला तर नाहीच, पण घळ कशी श्वास घेते ते कळेल. चिरेच्या काठावर उभं राहू नका. तिथला खडक सतत ओला असतो, आणि आत पडलेला माणूस पाण्यातून स्वतः बाहेर येऊ शकत नाही. नावामागची गोष्ट गावात विचारा, कुणीही सांगेल, आणि ती पडण्याचीच गोष्ट आहे.

बाकीच्या गोष्टी पटापट. पाणी माणशी तीन-चार लिटर. डिसेंबरात पऱ्ये बहुतेक आटलेले असतात आणि सड्यावर सावली नाही, सकाळी दहालाच कातळ तापतो. टोपी, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. शेकोटी, सिगारेट काही नको. गवत वाळलेलं असतं आणि सड्यावरचा वणवा कलमांपर्यंत जातो. नोव्हेंबरच्या आधी यायचं मनात असेल तर परतीच्या पावसाच्या दिवसांत घळीत उतरू नका. डोक्यावर ऊन असतं, पूर्वेला ढग गडगडत असतात, आणि सड्यावरचं सगळं पाणी काही मिनिटांत खाचेत उतरतं. जून-जुलैचा तर प्रश्नच नाही, त्या दोन महिन्यांत मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात.

जांभ्याच्या धोंड्यांमध्ये फुरसं असतं. छोटा, मातकट साप, दगडाच्या रंगात मिसळून जातो, डिवचला तर वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, धोंड्यांवर चढताना पकड आधी बघायची, मग धरायची. चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. अवयव हलवू नका, माणसाला चालवू नका, शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात न्या, विषावर उतारा तिथेच मिळतो. विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर काम करतं, त्यामुळे दोन तास बरं वाटलं म्हणून घरी थांबणं हा मूर्खपणा. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणात विंचवाने मरणाऱ्यांचं प्रमाण खूप घटलं, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेवर पोचावं लागतं.

घळीत आणि कड्याच्या पायथ्याशी फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. वेळणेश्वरला जिथे राहाल तिथल्या माणसाला लिहून द्या: कोणत्या घळीतून उतरणार, किती वाजता हेदवीत पोचून फोन करणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने ११२ ला कळवायचं. समुद्रातून सुटका करायची वेळ आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. फोन दोन पिशव्यांत, एकात एक.

राहिला भाचा. बारा वर्षांचं पोर चढण्यात तुमच्यापेक्षा बरं असेल, त्याबद्दल शंका नाही. पण खडपात लाटेने पाय उचलला तर वजन लागतं, आणि मोठ्यांनी "थांब" म्हटल्यावर त्याच क्षणी थांबण्याची सवय लागते. त्याला खाली नेऊ नका. तुमच्यातल्या एकाने त्याला घेऊन सड्यावरूनच चालावं. हे काम शिक्षा समजू नका. खाली चाललेल्या चौघांना पुढचं टोक दिसत नाही, वरच्या दोघांना तीन टोकं दिसतात. एक शिट्टी त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. एक फुंकर म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर या. लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, शिट्टी येते. आदल्या दिवशी सड्यावरून सगळ्या घळी त्याच्याचकडून मोजून घ्या, वहीत लिहू द्या. आणि दुपारी बामणघळीपाशी त्याचा हात धरून उभे राहा, देवळाच्या बाजूला.